डाव्या बाजूचा चिखल

“डावीच बाजू का?” ओदेतनं तिसऱ्यांदा विचारलं.

फिरमिन धुण्याच्या खोलीच्या दारात नुसत्या मोज्यांवर उभा होता. बूट बाहेर पायरीवर, हेल्मेट अजून हातात.

“वारा होता,” तो म्हणाला.

“वारा इथे रोजच असतो. चिखल एकाच बाजूला का, ते विचारतेय.”

“चिखल तो चिखल, त्याला कसली बाजू? धुऊन टाक ना.”

“धुणारच आहे. आधी वाचून होऊ दे.”

तिनं सायकल क्लबची निळी-पिवळी जर्सी वॉशिंग मशीनवर पसरली. पाठ कोरी. उजवी बाजू आत्ताच इस्त्री केल्यासारखी. आणि डावा खांदा, छाती, बाही, सगळं करड्या शिंतोड्यांनी भरलेलं. फिरमिनच्या डाव्या कानातही चिखल वाळला होता.

“पाठ स्वच्छ आहे, म्हणजे तुझा मडगार्ड जागेवर आहे. मग पुढून हा मारा कुणी केला? तुमच्या म्हाताऱ्यांच्या ‘क’ गटात तर मडगार्ड नसेल त्याला कप्तान आशील दारातूनच परत पाठवतो.”

“आज एक नवीन आला होता. त्याला नव्हता मडगार्ड.”

“नाव काय त्याचं?”

फिरमिननं कान खाजवला. वाळलेले कण फरशीवर पडले. “विचारलं नाही.”

“तीन तास बरोबर होतास आणि नाव विचारलं नाहीस. डॉक्टर काय म्हणाले होते? बोलता येईल इतक्याच वेगानं चालवायची.”

“सायकलवर मी बोलतो कधी, ओदेत? चाळीस वर्षांत बोललोय?”

“मा, सूप उतू जातंय,” आतून वेर्लेचा आवाज आला. “आणि पा खोटं बोलतोय.”

वेर्ले त्यांची मुलगी, चौतीस वर्षांची. नवऱ्यापासून वेगळी होऊन दीड वर्षापूर्वी घरी परतली होती. बेकरीतली पहाटेची पाळी संपवून आली, की ती रविवारभर स्वयंपाकघरात बसून उरलेले पाव खायची आणि जे दिसेल ते बोलून टाकायची.

ओदेतला चिखल वाचता यायचा यात नवल काही नव्हतं. तिचे वडील गावोगावच्या जत्रांतल्या सायकल शर्यतींत उतरायचे. ते घरी आले की आई त्यांच्या तोंडाकडे नाही, कपड्यांकडे बघायची. सातव्या वर्षी ओदेत आईबरोबर घमेल्याशी बसायला लागली आणि बाप कितवा आला ते तो सांगायच्या आत तिला कळायला लागलं. या सपाट मुलखात वाऱ्याला अडवायला काही नाही. तो बाजूनं आला की जोराचे लोक एकामागे एक जात नाहीत, रस्त्यावर तिरकी रांग धरतात, प्रत्येकजण पुढच्याच्या अंगाच्या आडोशाला. वारा डावीकडून असला तर पुढच्या चाकाचं पाणी डाव्याच गालावर येऊन बसतं. त्या सकाळी पाऊस तासभरच पडला होता, आणि तेव्हा वारा समुद्राकडून होता. डिक्समाउडेच्या रस्त्यावर तो डावाच लागतो.

‘क’ गट तिरकी रांग धरत नाही. ‘क’ गट दोघं-दोघं शेजारी, नातवंडांच्या गोष्टी करत जातो. शेवटचा माणूस मागे पडला तर सगळे थांबतात. सगळ्यात वेगवान ‘अ’ गट कुणासाठी थांबत नाही. ज्याला झेपलं नाही तो आपला आपण घरी येतो, हा तिथला नियम, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान.

फिरमिन चौतीस वर्षं पोस्टमन होता आणि जवळजवळ तितकीच वर्षं ‘अ’ गटात. ऑक्टोबरमध्ये त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले. दवाखान्यातून आल्यावर त्यानं याच घरात, सूपच्या ताटलीवर हात ठेवून, यापुढे ‘क’ गटात चालवीन म्हणून शब्द दिला होता. सुरुवातीला ओदेतनं विश्वास ठेवला. मग एकेक दिसायला लागलं. म्हाताऱ्यांच्या फेरीवरून आलेला माणूस चार बटाटे जास्त खातो. खुर्चीत बसल्या बसल्या हातातल्या चमच्यासकट झोपतो. नाडी मोजणारं घड्याळ दर रविवारी नेमकं चार्जिंगला असतं. दोन आठवड्यांपूर्वी खांद्यावर गवताचा हिरवा डाग होता. “चौकात पाय पेडलमधून सुटला नाही, उभ्या उभ्या पडलो,” तो म्हणाला होता. चौकात गवत कुठून आलं, ते तिनं विचारलं नाही. मनात ठेवलं.

बुधवारी ती हंस कॅफेत गेली. क्लब तिथूनच निघतो आणि तिथेच परततो. दर रविवारी आपापल्या गटाच्या यादीत सही करायची, वर्षात तीस सह्या झाल्या की डिसेंबरच्या जेवणात एक हॅम मिळतो. कॅफेवाली नेली ग्लास पुसत होती.

“फिरमिन ‘क’मध्येच असतो हं,” ती म्हणाली.

“मी विचारलं कुठे अजून?”

नेलीनं कोरडा ग्लास पुन्हा पुसायला घेतला. याद्या भिंतीवर खिळ्याला लटकलेल्या होत्या. ‘क’च्या प्रत्येक पानावर फिरमिनची सही होती, पोस्टाच्या पावतीवर करावी तशी सुबक.

शुक्रवारी खाटकाकडे आशील भेटला. ‘क’ गटाचा कप्तान, सत्तरीचा, ओदेतच्या भावाचा वर्गमित्र.

“फिरमिन होय? माझ्या शेजारीच असतो की,” तो म्हणाला. “गप्पा मारत मारत जातो आम्ही.”

“गप्पा मारतो फिरमिन?”

“पुष्कळ.”

“कशाबद्दल?”

आशीलनं काचेतल्या सॉसेजकडे बघितलं. “असंच आपलं. तुझ्याबद्दल.”

सगळं गाव सामील आहे, अशी तिची खात्री झाली. घरी येताना तिला रस्त्यावरची नमस्कार करणारी माणसंसुद्धा जास्तच हसल्यासारखी वाटली.

रविवारी ती म्हणाली, बहिणीकडे जातेय. गाडी घेऊन ती कालव्याच्या पुलाशी गेली. सगळे गट तिथूनच जातात. बटाट्याच्या गोदामाआड गाडी लावून ती आतच बसली. साडेआठला ‘क’ गट आला. चौदा जण, दोघं-दोघं, मडगार्ड लावलेले. पाचव्या जोडीत फिरमिन. तिला क्षणभर आपलीच लाज वाटली. मग पुलावर फिरमिननं हात वर केला, बाजूला झाला, कठड्याला पाय लावून थांबला. जाकीट काढून, घडी करून खिशात कोंबलं. बाकी तेरा जणांपैकी एकानंही मागे वळून बघितलं नाही. बघण्यासारखं काही नसतं तेव्हा माणसं जशी बघत नाहीत तसं.

थोड्या वेळानं ‘अ’ गट आला, साखळ्यांचा एकच आवाज करत. कुणी वेग कमी केला नाही. फिरमिन पेडलवर उभा राहिला, दोन-तीन वेळा अंगाचा भार टाकला आणि शेवटच्या चाकाला चिकटला. वळणापर्यंत ती बघत राहिली. त्याच्यामागे कुणीच नव्हतं.

ती त्याच्या मागे गेली नाही. तिथं गाठून काय, तो ‘आजच आलो’ म्हणाला असता. ती सरळ हंसमध्ये जाऊन खिडकीशी कॉफी घेऊन बसली. नेली तिच्याकडे यायचं टाळत राहिली.

पावणेबाराला ‘अ’ गट परतला. त्यांचा कप्तान योरिस, शाळेत व्यायाम शिकवणारा, मोठ्यानं बोलत आत शिरला आणि ओदेतला बघून हळू झाला.

“फिरमिन कुठाय?” तिनं विचारलं.

“तो... तो ‘क’मध्ये ना?”

“मी पुलावर होते, योरिस.”

योरिसनं हातमोजे काढले. “परतताना मागे सुटला तो. तासाभरापूर्वी. म्हटलं, आपल्या लोकांत गेला असेल.”

दहा मिनिटांनी ‘क’ गट आला. आशील दारातूनच, ओदेत दिसायच्या आधी, योरिसला म्हणाला, “आज फिरमिन परतीच्या वळणावर आम्हाला येऊन मिळाला नाही रे. तुमच्याबरोबरच आला ना सरळ?”

मग त्याला ती दिसली.

कॅफेत बिअरचे ग्लास खाली ठेवल्याचा आवाज झाला, एकामागून एक.

“तुम्हाला वाटलं तो यांच्यात,” ओदेत म्हणाली. “यांना वाटलं तो तुमच्यात. तो कुठल्या चरात पडला असता, तरी तुम्ही दोघांनी बिअर प्यायली असती.”

“ओदेत, तो स्वतःच म्हणाला...”

“काय म्हणाला ते ठाऊक आहे मला. तुझ्याशी पुष्कळ बोलतो ना.”

तिनं फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. योरिस बाहेर जाऊन सायकल उचलायला लागला, आशील गाडीच्या किल्ल्या शोधायला लागला. आणि तेवढ्यात बाराच्या घंटा होऊन गेल्यावर फिरमिन चौकात दिसला. सायकल हातात धरून चालत येत होता. ओठांना रंग नव्हता.

“पंक्चर,” तो म्हणाला.

ओदेतनं दोन्ही चाकं बघितली, टणक. सीटखालच्या, पंक्चरचं सामान ठेवायच्या पिशवीची चेन बंद, तिच्यावर चिखल वाळलेला, बोटाचा एकही ठसा नाही. आधी तिनं त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, श्वास सरळ होईपर्यंत त्याचं मनगट धरून उभी राहिली. मग नेलीकडे पेन मागितलं.

घरी टेबलावर मांसाच्या गोळ्यांचं टोमॅटो सूप होतं. फिरमिन हळूहळू खात होता. वेर्ले दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

“कुणी काही सांगणार आहे का?” ती म्हणाली.

“‘क’च्या यादीतून त्याची सही खोडून आलेय,” ओदेत म्हणाली. “आजचीच नाही. जानेवारीपासूनच्या सगळ्या.”

“म्हणजे हॅम गेला.”

“गेला.”

फिरमिननं चमचा ठेवला. “दोनदाच असं झालं, ओदेत. छातीत नाही, नुसती चक्कर. बसलो थोडा वेळ की जाते.”

“गवतावर बसतोस ना?”

तिनं त्याच्या ताटलीत आणखी दोन गोळे वाढले.

“उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करायचा, उद्याचीच वेळ मागायची,” ती म्हणाली. “चक्कर, गवत, पूल, सगळं तू तुझ्या तोंडानं सांगायचंस. मी शेजारी बसणार, बोलणार नाही. ते नको म्हणाले तर सायकल विकायची. चालेल म्हणाले तर नाव ‘अ’च्या यादीत लिहायचं, आणि गटामागे गाडी मी चालवणार. योरिसला सांगून आलेय.”

“‘अ’च्या मागे कधी गाडी नसते,” फिरमिन म्हणाला.

“आता असेल. रविवारी सूप बंद. वेर्ले, येताना पाव जास्त आण.”