कोल्ड स्टोरेजच्या खिळ्यावरची माकडटोपी

भालेराव गेले हे मला त्यांच्या मुलीच्या, सुजाताच्या फोनवरून कळलं. फोन ठेवून मी गाडीची किल्ली शोधत होते, तेवढ्यात मोबाईल पुन्हा वाजला. आमच्या पॅकहाऊसचं ऑडिटचं सॉफ्टवेअर कळवत होतं : 'यशवंत भालेराव यांच्याकडून एक रिव्ह्यू बाकी आहे. मुदत संपली आहे. विषय वरिष्ठांकडे पाठवण्यात येत आहे.' वरिष्ठ म्हणजे मीच. पण त्या सकाळी क्षणभर वाटलं, याला आपल्याआधी कळलं की काय...

नारायणगावजवळ, वारूळवाडीच्या अंगाला आमचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. माल परदेशी जातो, त्यामुळे बाहेरचे ऑडिटर तपासायला येतात. ते येण्याआधी आपणच आपल्या चुका शोधून ठेवायच्या, याला अंतर्गत ऑडिट म्हणतात. मी तिथली क्वालिटी बघते, अवसरीहून रोज जाऊन-येऊन. भालेराव पुण्याकडच्या एका कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त होऊन गावी आले आणि लगेचच घरच्यांनी त्यांना अंतर्गत ऑडिटर म्हणून आमच्या गळ्यात मारलं. "बाबा घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर शेरे मारतात, आई वैतागलीये," असं सुजाता म्हणाली होती. मला ते विनोदाने बोलल्यासारखं वाटलं. पहिल्याच आठवड्यात कळलं की ती विनोद करत नव्हती.

सॉफ्टवेअर नंतर आलं. त्याचं काम साधं आहे. ऑडिटरने चूक दिसली की शेरा नोंदवायचा. सेव्ह केलं की ज्याची चूक त्याच्या मोबाईलवर निरोप जातो. त्याने मूळ कारण लिहायचं, दुरुस्ती करायची, पुरावा म्हणून फोटो चढवायचा. मग ऑडिटरने रिव्ह्यू करून शेरा बंद करायचा. लाल ठिपका हिरवा होतो. एका बोटाने टाईप करणाऱ्या भालेरावांना हे सगळं जमलं, पण निरोपाची भानगड पटली नाही. "माणसाला त्याची चूक मशिनने सांगायची? तोंड नाही का आपल्याला?" म्हणून ते आधी त्या माणसाला गाठायचे, चहा पाजायचे, चूक सांगायचे आणि त्याने कप खाली ठेवला की मगच सेव्ह दाबायचे. परिणाम असा झाला की भालेरावांनी "चहा घेणार का?" विचारलं की चांगली चांगली माणसं मागच्या दाराने सटकायची. आमचा कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर गोरक्ष तर सरळ सांगायचा, "भाऊ, मी चहा सोडलाय." भालेराव म्हणायचे, "मग दूध घे."

मूळ कारणावरून तर रोज तमाशा. 'नजरचुकीने' असं कोणी लिहिलं की ते परत पाठवायचे. पाच वेळा 'का' विचारलं की मूळ सापडतं, हे ते कारखान्यात शिकून आले होते. एकदा ग्रेडिंगच्या टेबलावरची कमल केसांना जाळी न लावता आली. भालेरावांनी तिला चहा दिला.

"जाळी का नाही?"

"इसरले."

"का इसरली?"

"सकाळी घरात पावणं व्हतं, भाऊ."

"का आले होते?"

"पोरीला बघाया."

"मग?"

"मग काय, पसंत पडली की."

भालेरावांनी मूळ कारणात लिहिलं, 'मुलगी पसंत पडली.' उपाययोजनेत लिहिलं, 'पेढे वाटण्यात आले.' मी डोक्याला हात लावला. सॉफ्टवेअरमध्ये एकदा गेलेलं खोडता येत नाही. पुढे बाहेरच्या ऑडिटरने ते वाचून मला फार गंभीरपणे विचारलं की पेढे हा निर्जंतुकीकरणाचा प्रकार आहे का.

ते चुकायचे नाहीत असं मात्र कोणी समजू नये. माश्या पकडायचं मशिन बंद आढळलं म्हणून त्यांनी एकदा पॅकिंग हॉल डोक्यावर घेतला होता. ते मशिन त्यांनीच स्वतःचा मोबाईल चार्ज करायला बंद केलं होतं. हे कळल्यावर त्यांनी दोन कप चहा मागवला, एक स्वतःपुढे आणि एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. दोन्ही प्यायले. मग स्वतःच्याच नावावर शेरा नोंदवला.

त्यांचा शेवटचा मोठा शेरा कोल्ड स्टोरेजच्या दाराचा. दार बाहेरून बंद झालं तरी आतल्या माणसाला उघडता यावं म्हणून आतून ढकलायचा एक दांडा असतो. एके दिवशी कमल आत असताना कोणीतरी दार लावलं आणि तो दांडा हलेचना. बाहेर पॅकिंगचं मशिन चालू. ती आतून क्रेट आपटत राहिली, कोणाला ऐकू गेलं नाही. गोरक्ष दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेला म्हणून दार उघडलं. कमल बाहेर आली ती थरथरत, आणि थंडीने कमी, रागाने जास्त. "मेले असते तर मूळ कारण काय लिवलं असतं, भाऊ?" तिने भालेरावांना विचारलं. त्या दिवशी त्यांनी कोणालाच चहा दिला नाही. थेट सेव्ह दाबलं.

गोरक्षने दांड्याला तेल घातलं, फोटो चढवला. भालेराव म्हणाले, "फोटोत दांडा हलतो का?" दाराशेजारच्या खिळ्यावर टांगलेली आपली मरून रंगाची माकडटोपी घातली आणि आत जाऊन दार लावायला सांगितलं. दार लगेच उघडलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. दार बराच वेळ बंद राहिलं की दांड्याच्या भोकात बर्फ धरतो, असा त्यांचा संशय होता. पुढच्या वेळी ते दार तसंच बंद ठेवून आत थांबले आणि संशय खरा निघाला. गोरक्षने बाहेरून उघडलं. ते बाहेर आले ते नवीन शेरा घेऊनच, "आत तळाच्या क्रेटला चिठ्ठी नाही. लिहा." गोरक्षने दांड्याची फिटिंग बदलली, पुन्हा फोटो चढवला. भालेराव म्हणाले, "सोमवारी बघतो." रविवारी झोपेतच गेले.

भालेरावांच्या घरी जलदान विधीला आम्ही सगळे गेलो. बुद्धवंदना झाली, लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. मग चहा आला. गोरक्षने कप हातात घेतला, त्याच्याकडे बघत राहिला आणि मला हळूच म्हणाला, "मॅडम, प्यायची भीती वाटते." सुजाता बाबांचा मोबाईल घेऊन आली. "ताई, हा सारखा वाजतोय. तुमचं काहीतरी बाकी आहे म्हणतो. बंद करता का?"

बंद करणं माझ्याच हातात होतं. रिव्ह्यू आता माझ्या नावावर आला होता, फोटो चढलेला होता आणि बाहेरचे ऑडिटर चार दिवसांवर आले होते. दुसऱ्या दिवशी आमचे शेठ, पॅकहाऊसचे मालक, माझ्या केबिनमध्ये येऊन म्हणाले, "मॅडम, फिटिंग नवी आहे ना? दाबा बटण. एक लाल ठिपका कशाला दाखवायचा पाहुण्यांना?" बटणावर बोट ठेवलं होतं, खोटं कशाला सांगू. पण काचेपलीकडे कमल समोरच्या टेबलावर द्राक्षं निवडत होती आणि तिला संध्याकाळी त्याच दारातून आत जायचं होतं.

मी खिळ्यावरची टोपी काढली. तिला अमृतांजनचा वास येत होता. गोरक्षला बाहेर उभं केलं, दार लावायला सांगितलं आणि आत बर्फ धरायची वाट बघत बसले. थंडीत माणूस भलतासलता विचार करतो. मी भालेरावांशी मनात भांडत होते, की माणसाने मरताना निदान प्रलंबित कामं तरी... मग उठून दांडा ढकलला. हलला नाही. पुन्हा ढकलला. नाही. शेवटी क्रेट आपटला. गोरक्षने दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. मी त्याला चहा पाजला आणि शेरा बंद न करता परत त्याच्याकडे पाठवला.

शेठ चिडले. पाहुण्यांना लाल ठिपका दिसला. ऑडिटरनी मान डोलावली आणि ते पुढे गेले. गोरक्षने पुण्याहून दांडा गरम ठेवणाऱ्या तारेची फिटिंग मागवली. ती बसवल्यावर मी शेठना चहा विचारला. ते बिचारे बेसावध होते, हो म्हणाले. "दार तुमचं, माणसं तुमची," मी म्हणाले, "या वेळी तुम्ही आत जा." कमलने टोपी आणून दिली. शेठनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग टोपीकडे, आणि घातली. आम्ही दार लावलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आतून. शेठ बाहेर आले, नाक लाल, टोपी कपाळापर्यंत ओढलेली. "आतला बल्ब मिणमिणतोय," ते म्हणाले. "लिहा."

मग टोपी काढून त्यांनी स्वतःच खिळ्याला अडकवली.