विमलबाईंच्या कोयत्याला नवी जोडी

बबिता तेलगावजवळच्या वस्तीवरची. मिसरूड फुटायच्या वयात तिनं घरच्यांनी ठेवलेलं मुलाचं नाव टाकलं, साडी नेसली आणि आईला सांगितलं, आता मला बबिता म्हण. आई जानकीबाई बरेच दिवस बोलली नाही. मग एका सकाळी चहा उकळताना तिनं हाक मारली, "बबे, उठ गं," आणि घरापुरता तो विषय संपला.

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. बबिता गहिनीनाथबरोबर राहायची, म्हणून मुकादमानं दोघांचा एक कोयता धरला आणि ती टोळीबरोबर कोल्हापूरकडं जाऊ लागली. उसाच्या फडात ती हसली की पार पलीकडच्या टोळीला कळायचं.

सुरुवातीला गहिनीनाथ तिला बांगड्या आणायचा. पुढं हात उचलू लागला. भाजी अळणी झाली, कुणाशी हसून बोलली, कोणतंही कारण त्याला पुरायचं. मारापेक्षा त्याचं बोलणं तिला जास्त लागायचं. खरी बाई असतीस तर कुणीतरी सोडवायला आलं असतं, असं तो म्हणायचा.

आणि खरंच कुणी येत नव्हतं. शेजारच्या कोप्यांतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतल्या बायका ऐकून गप्प बसायच्या. बीडला तृतीयपंथी मंडळींत सावित्रीबाई सगळ्यांत वडीलधाऱ्या. बबिता त्यांच्याकडं रडत गेली, तर त्यांनीही समजूतच घातली. आपल्यासारखीला कुणी घरात ठेवतं का, माणूस मिळालाय तर सांभाळून घे, म्हणाल्या.

गेल्या हंगामात एका संध्याकाळी चुली पेटल्या होत्या. गहिनीनाथनं उसाच्या कांड्यानं बबिताला मारायला सुरुवात केली. शेजारच्या विमलबाई भाकरी टाकून उठल्या आणि पिठाच्या हातांनी कोपीच्या दारात उभ्या राहिल्या. विमलबाईंना नवरा नव्हता. त्या मुलाबरोबर, सत्यमबरोबर तोडायच्या, पण तो नुकताच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून गेला होता आणि त्यांच्या कोयत्याला जोडी उरली नव्हती.

"हात खाली घे," त्या म्हणाल्या.

गहिनीनाथ म्हणाला, हे आमच्या घरातलं हाय, आन् ही काय बाई हाय का?

"बाई हाय का न्हाई, ते तिला ठावं. तिला मार बसतोय, ते आमाला दिसतंय."

त्यांच्यामागं एकेक करून टोळीतल्या बायका येऊन उभ्या राहिल्या. गहिनीनाथनं कांडं टाकलं. बबितानं आपला कोयता आणि वाकळ उचलली आणि ती विमलबाईंच्या कोपीत राहायला गेली.

सकाळी दोघींनी आमचा एक कोयता धरा म्हटलं, तर मुकादम अभिमन्यू अडून बसला. दोन बायांचा कोयता कसा धरायचा, मोळ्या कोण उचलणार, असं त्याचं म्हणणं.

बबिता म्हणाली, "मुकादम, कालपर्यंत तुमी मला बाई म्हणत नव्हता. आज काम द्यायच्या येळंला बरी बाई झाले मी."

सगळा फड हसला. मुकादमालाही हसू आवरेना. त्यानं दोघींना ओळ दाखवली. त्या दिवशी बबिता मोळ्या वाहत होती, विमलबाई सपासप तोडत होत्या आणि दोघींच्या गप्पा काही थांबत नव्हत्या. गहिनीनाथ दोनदा समजूत काढायला आला. दोन्ही वेळा बबितानं बायकांसमोरच सांगितलं, मी येणार न्हाई. हंगाम संपायच्या आधीच तो दुसऱ्या टोळीत गेला.

गावी परतल्यावर, पाऊस लागला तेव्हा बबिता बीडला सावित्रीबाईंकडं गेली. तिथं रोहिणी नावाची पोरगी सुजलेला डोळा घेऊन बसली होती. तिच्याबरोबर राहणाऱ्यानं मारलं होतं. सावित्रीबाई तिलाही तेच समजावत होत्या.

बबिता त्यांच्याजवळ बसली. "आक्का, सोस म्हणू नका. मला तुमी तसं म्हणाला, तवा मला वाटलं, माझंच कायतरी चुकलंय."

सावित्रीबाईंनी पायातलं जोडवं फिरवून नीट बसवलं. मग उठल्या, चेहऱ्याला पावडर लावली, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि एकीला रिक्षा आणायला पिटाळलं. सगळ्या जणी नटूनथटून त्या माणसाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं मुकाट्यानं रोहिणीचे कपडे आणून दिले.

येताना सावित्रीबाई म्हणाल्या, आता आलोच आहोत तर कपिलधारला जाऊ. धबधब्याखाली सगळ्या भिजल्या. रोहिणीला भूक लागली होती. तिनं एकटीनं तीन प्लेट भजी खाल्ली आणि चौथीसाठी सावित्रीबाईंच्या प्लेटला हात घातला.