ताईने भाव केला नाही

ताईला मासळीबाजारात बरोबर नेणं म्हणजे मुद्दाम नुकसान करून घेणं. मी पापलेट उचलून नाक वाकडं करायचो आणि म्हणायचो, "कालचा माल आहे." भाव उतरवायची ही पहिली पायरी. मला ती ठाऊक आणि पालीहून आलेल्या कोळणीलाही ठाऊक. ताई मात्र शांतपणे कल्ला उघडून बघायची. "नाही रे बाळ्या, लाल आहे. आजचाच आहे." झालं. कोळीण खूश. "बाय, तू रोज येत जा," ती म्हणायची. "ह्याला घरी ठेव. मेला खोटारडा हाय." आणि मी त्या बाईला तिने सांगितलेला भाव निमूट द्यायचो.

भाईंदर पूर्वेला माझा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. सुरुवात दुसऱ्याच्या गाळ्यात पॉलिशच्या चाकावर केली. पुढे जे मिळवलं ते घासाघीस करून आणि आवाज चढवून. अशा माणसाची सख्खी बहीण भर बाजारात समोरच्या पार्टीला जाऊन मिळते, हे पचवायला जड जातं. एकदा मी एका शेठला सांगत होतो, माझ्या डब्याला जन्मात गंज लागणार नाही. ताई गाळ्यात खुर्चीवर बसली होती. तिने मान वर करून विचारलं, "हे कुणी तपासलं?" शेठ हसत म्हणाला, "बेन साची वात करे छे." म्हणजे बहीण खरं बोलते. ती ऑर्डर मिळाली, पण मी सांगितलेल्या भावाने नाही.

आमचं घर मोरव्याचं. वडिलांचं मिठागर होतं, थोडी भातशेती होती. त्या घरातून ताई कॉलेजात गेली, तिथून मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत. किरणोत्सर्गाने पेशीतला डीएनए तुटतो, आणि पेशी तो परत कसा जोडते, हा तिचा विषय. नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत हा एकच. शेजारच्या बायका आमच्या आईला विचारायच्या, तुझी पोर तिकडं करते तरी काय? आई म्हणायची, "मोडल्यालं कसं जोडतं ते बगते. जास्त काय मला ठाव न्हाय." मला वाटतं, आईइतकं सोपं करून ते कुणी सांगितलं नाही.

एकदा ताईने मला तिची लॅब दाखवली. पेशी फोडण्यासाठी त्या आधी खारट पाण्यात ठेवतात हे ऐकून मी विचारलं, "किती खारट?" ती म्हणाली, "आपल्या आगरात मीठ धरायच्या जरा आधी असतं ना, तसंच." मग तिने मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आत काळोखात चमकणारे ठिपके होते. काही गोल, काहींना शेपूट. "गोल आहे ती धडधाकट. शेपूट जितकी लांब, तितकी मोडतोड जास्त. थोडा वेळ दिला की शेपूट आखडत जाते."

"जोडतं कोण?"

"पेशी स्वतःच."

"फुकट?"

"फुकट," ती हसली. "पण कधीकधी चुकीचं जोडते. आणि ते न जोडल्यापेक्षा वाईट. चूक तशीच राहते आणि पेशीबरोबर वाढत जाते."

तिचं नाव झालं ते तरुणपणी केलेल्या एका कामामुळे. मला समजलं तसं सांगतो. माणसाच्या रक्तातल्या पेशींना आधी किरणांचा अगदी बारीक डोस दिला, आणि नंतर मोठा दिला, तर त्या मोडतोड जास्त चटकन भरून काढतात, असं तिला दिसलं. ते छापून आलं. तिला परदेशातून बोलावणं आलं. पुढे कितीतरी जणांनी त्यावर आपापलं काम उभं केलं. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली तेव्हा विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती, आणि ती ताईला मिळणार हे सगळे धरून चालले होते. मी तर मोरव्याच्या नाक्यासाठी बॅनर छापून ठेवला होता. गावची लेक, मोठा फोटो, खाली समस्त ग्रामस्थ.

त्याच सुमारास त्यांची लॅब दुसऱ्या खोलीत हलवली. तिथले दिवे लागायचे होते, म्हणून ताईने काही दिवस एका मंद पिवळ्या बल्बखाली काम केलं. आकडे वेगळे आले. दुसरं कुणी असतं तर खोलीला शिव्या दिल्या असत्या. ताईने तेच काम पुन्हा केलं, एकदा ट्यूबलाइटखाली आणि एकदा पिवळ्या बल्बखाली. मग सगळं पुन्हा. आणि तिच्या लक्षात आलं की ट्यूबलाइटचा पांढरा उजेडसुद्धा उघड्या पेशींचा डीएनए तोडतो. जुन्या कामात बारीक डोस द्यायच्या पेशी बंद अंधाऱ्या खोलीत मशीनजवळ असायच्या. ज्यांच्याशी त्यांची तुलना करायची, त्या तेवढा वेळ टेबलावर ट्यूबलाइटखाली पडून असायच्या. म्हणजे बारीक डोस मिळालेल्या पेशी चटकन सुधारत नव्हत्या. दुसऱ्या आधीच उजेडाने जास्त मोडलेल्या होत्या. ज्यामुळे तिचं नाव झालं, ते काम चुकलं होतं.

हे तिने मला पेणकरपाड्याच्या तिच्या फ्लॅटवर, आमटी वाढता वाढता सांगितलं. तिने लग्न केलं नव्हतं, महत्त्वाचं काही असलं की जेवायला मलाच बोलवायची. त्या कामावरचा छापलेला शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र उद्या पाठवतेय, म्हणाली.

"मग घे मागे," मी म्हणालो. "पण सहा महिने थांब. आधी खुर्चीत बस."

"दोन मुली याच्यावर पीएचडी करतायत. त्यांची वर्षं जातायत."

"त्यांना बाजूला घेऊन सांग. जगाला कशाला?"

"छापलं ते जगासाठीच ना?"

"बरं, मग त्या वेळच्या मदतनिसावर घाल. पेशी टेबलावर त्याने ठेवल्या होत्या."

"मी ठेवायला सांगितल्या होत्या. भात घे."

"एवढी वर्षं कुणाला दिसलं नाही, ताई."

"मला दिसलंय ना आता." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "बाळ्या, तू भाव करतोयस."

"हो, करतोय. तुला येत नाही म्हणून तुझ्यासाठी करतोय."

"पण समोर कोण आहे? कोणाशी करतोयस?"

माझा आवाज चढला. मी बरंच काही बोललो. तिला पुस्तकी म्हणालो, अहंकारी म्हणालो. आपल्या घरातून कुणीतरी त्या खुर्चीपर्यंत पोचलं होतं, ती खुर्ची फक्त तुझी नाही, असंही म्हणालो. ताटावरून उठलो. तिने मला थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी पत्र गेलं.

विभागप्रमुखाची जागा दुसऱ्या एका गृहस्थांना मिळाली. ताईला कुणी काही बोललं नाही, फक्त परिषदांची बोलावणी कमी होत गेली. तिला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. ती त्या पिवळ्या बल्बखाली जुनं काम पहिल्यापासून करत बसली आणि निवृत्त झाली. वाईट वाटून घ्यायचं काम मी केलं. बॅनर गाळ्यात गुंडाळून पडला. नाक्यावर लोक विचारायचे, "काय रे, बहिणीचं काय झालं? चुकली म्हणतात." ज्यांनी जन्मात स्वतःची एक चूक कबूल केली नाही, ते माझ्या बहिणीला चुकली म्हणत होते, आणि ते म्हणायची सोय तिनेच करून दिली होती. हा राग मी सोडला नाही. गणपतीला जायचो, भाऊबीजेला जायचो, ओवाळून घ्यायचो आणि निघायचो. "जेवून जा," ती दरवेळी म्हणायची.

मग तिला कर्करोग झाला. मी तडक म्हणालो, आयुष्यभर किरणांत काम केलंस, त्यानेच झालं. संस्थेला नोटीस पाठवू, मी वकील बघतो.

"ते सांगता येणार नाही," ती म्हणाली. "आम्ही छातीवर बिल्ला लावायचो, किती किरण लागले ते मोजणारा. माझ्या बिल्ल्यावर कधी काही विशेष निघालं नाही. आणि आत्याला हाच झाला होता. ती मिठागर सोडून कुठे गेली होती?"

"तू फक्त हो म्हण. बाकी मी बघतो."

"हो कशी म्हणू? मला माहीत नाही."

म्हणजे दुसऱ्यांदा तिने माझं ऐकलं नाही. एका वाक्याचं तर काम होतं.

उपचारात तिला किरणच द्यायचे होते. रोज मीच गाडीने न्यायचो. रोज थोडे थोडे का देतात, एकदम का नाही, असं मी एकदा चिडून विचारलं. तिने समजावलं, मधल्या वेळात चांगल्या पेशी आपली मोडतोड भरून काढतात, रोगाच्या पेशींना ते तितकं जमत नाही, म्हणून मध्ये वेळ द्यायचा. सांगताना थकलेला आवाज जरा ताजा झाला. उपचाराने थोडे महिने बरे गेले. मग ती गेली.

शोकसभा तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. संस्थेतले लोक आले होते. ज्यांना ती जागा मिळाली होती, ते गृहस्थ बोलायला उभे राहिले. चांगला माणूस, चांगलंच बोलले. मोरव्याची मुलगी, कष्ट, शिस्त, विद्यार्थ्यांवरची माया. तरुणपणातलं नाव झालेलं काम त्यांनी घेतलंच नाही, म्हणजे मागे घेतलेल्या निबंधाचाही विषय नको. गेलेल्या माणसाचं झाकावं, या भल्या हेतूनेच त्यांनी ते टाळलं असणार. माझं डोकं तापलं. मी उठलो.

"साहेब, मधलं राहिलं."

ते थांबले.

"तिचं सगळ्यात मोठं काम चुकलं होतं. चूक तिनेच शोधली. तिनेच सगळ्यांना कळवलं. त्यापायी जी जागा गेली, ती तुम्हाला मिळाली. हे सांगणार नसाल तर बाकीचंही सांगू नका."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अहो, आज कशाला?"

"आजच," मी म्हणालो आणि खाली बसलो. त्या गृहस्थांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी ते सांगितलं, नीट, पहिल्यापासून.

घरी येताना बायको म्हणाली, "तुम्हाला तर ते कधी पटलं नव्हतं."

"अजून पटलेलं नाही," मी म्हणालो.

खरंच नाही पटलेलं. सहा महिन्यांनी असं काय बिघडणार होतं, हे तिने मला पुरतं पटवून दिलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. उपचाराला नेताना इतके दिवस ती रोज माझ्या शेजारच्या सीटवर बसलेली असायची. जायला तास, यायला तास. बोलायला आम्ही दोघंच. आणि मी काच खाली करून रिक्षावाल्यांशी भांडत राहायचो.