घोड्यांच्या पुढे

लेश्नरबाईंनी सम्राटाला आयुष्यभर फक्त पाठमोरं पाहिलं होतं, तेही दोन घोड्यांच्या शेपट्यांमधून.

म्युनिकजवळच्या त्या गावात दर उन्हाळ्यात आठशे वर्षांपूर्वीच्या सम्राटाच्या आगमनाची मिरवणूक निघे. सम्राट म्हणजे गावचा खाटीक आणि सम्राज्ञी त्याची बायको. मागे सरदार, व्यापारी, सुतार, लोहार, मग खजिन्याच्या गाडीला जुंपलेले बिअरवाल्याचे दोन दांडगे घोडे, आणि घोड्यांच्या मागे धोबिणी. कोणी कुठे चालायचं ते घराण्यावर ठरलेलं. लेश्नरबाई शिवणकाम करून पोट भरत, पण त्यांची खापरपणजी कपडे धुवायची. तेवढ्यावरून त्या लहानपणापासून डोक्यावर टोपली घेऊन लिदीतून चालत होत्या. मिरवणूक संपली की पायरीवर बसून बूट खरवडत आणि सम्राटासकट सगळ्या दरबाराचा उद्धार करत.

"एकदा घोड्यांच्या पुढून चालायचंय मला," त्या सुलेखाला म्हणाल्या. "मग मेले तरी चालेल."

सुलेखा त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. नवरा श्यामकांत डॉक्टरेट करायला म्युनिकला जाई, आणि ती दिवसभर बाईंना काजं-बटणं करू लागे.

"आमच्याकडे पोळ्याला असंच," ती म्हणाली. "पाटलाचा बैल गेल्याशिवाय दुसऱ्याचा हलत नाही. एकदा त्यावरून डोकी फुटली."

"मग?"

"पुढच्या वर्षी पुन्हा पाटलाचाच बैल."

बाई इतक्या हसल्या की तोंडात धरलेल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली मिरवणुकीचे कारभारी, शाळामास्तर हेर क्रुम्म, घरी आले. सम्राटाला मिरी नजर करणारी पूर्वेची राजकन्या त्यांना हवी होती. सुलेखाने लगेच अट घातली, माझी दासी म्हणून लेश्नरबाई पुढे हव्यात.

"धोबीण राजकन्येबरोबर? इतिहासात तसं नाही."

"इतिहासात मी आहे का?"

"तुम्ही पाहुण्या," मास्तर म्हणाले, आणि बाई मागेच राहिल्या.

त्या दिवशी सुलेखा हिरवी नऊवारी नेसली. ताटात मिरी, लवंगा, दालचिनी रचली, आणि नऊवारीच्या सवयीने कुंकवाचा करंडाही ठेवला.

"अहो, निऱ्या नीट आहेत ना?"

"आहेत. फक्त हसू नकोस," श्यामकांत म्हणाला. "राजकन्या हसत नाहीत."

"तुम्हाला किती राजकन्या माहीत आहेत?"

चर्चसमोर तिने मिऱ्यांची वाटी पुढे केली. सम्राटांनी खोल वास घेतला आणि ते असे शिंकले की मुकुट नाकावर आला. सुलेखाला हसू आवरेना. त्या भरात तिने सम्राज्ञीच्या कपाळावर कुंकू टेकवलं. सवाष्ण समोर उभी, हातात करंडा, दुसरं काय करणार? लगेच एका व्यापाऱ्याच्या बायकोने कपाळ पुढे केलं. आता आली पंचाईत. एकदा सुरू केलं की कोणाला वगळायचं नाही, ही घरची शिकवण. बायका ओळ मोडून धावत आल्या, सुतारिणी आल्या, लोहारणी आल्या, आणि घोड्यांना वळसा घालून टोपल्या सावरत धोबिणी आल्या.

"आपापली जागा, आपापली जागा," करत हेर क्रुम्म काठी नाचवत होते.

सगळ्यांत शेवटी लेश्नरबाई. सुलेखाचा हात थबकला. बाईंचा नवरा युद्धात रशियाच्या आघाडीवरून परतलाच नव्हता. माहेरी हळदीकुंकू सुरू झालं की तिची विधवा आत्या, कोणी न सांगता, स्वयंपाकघरामागे जाऊन बसायची, आणि डाळपन्ह्याची वाटी आत नेऊन द्यायचं काम सुलेखाचं. तिने मागे पाहिलं. एवढी लाल कपाळं हसत होती. यातल्या कितीजणींचे नवरे परतले, हे तिने विचारलं होतं कुठे?

"माझ्या वेळेला संपलं वाटतं," लेश्नरबाई म्हणाल्या.

सुलेखाने बोट चांगलं खोलवर बुडवलं.

"मोठं लाव, पोरी. लांबून दिसू दे."

तेवढ्यात बँड वाजला. बिअरवाल्याचे घोडे बँडच्या तालमीतले. ते कोणासाठी थांबणार? गाडी निघाली, गल्ली तिने भरून गेली, आणि धोबिणींना मागे जायला वाटच उरली नाही. मग सम्राट एका अंगाला, हिरवी नऊवारी दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये टोपली मिरवत, रुपयाएवढं कुंकू लावलेल्या लेश्नरबाई चालल्या. हेर क्रुम्म त्यांना परत पाठवायला धावले, घोड्यांना चुकवता चुकवता गाडीच्या मागे पडले, आणि तिथेच राहिले.

संध्याकाळी सवयीने बाई पायरीवर बसल्या. बूट काढून उलटे करून पाहिले. तळ कोरे होते.

"मग, दिसलं का सम्राटाचं तोंड?" सुलेखाने विचारलं.

"दिसलं. त्याच्यासाठी एवढी वर्षं झुरायला नको होतं," बाई म्हणाल्या, आणि हातातली खरवडणी समोरच्या घराकडे दाखवून ओरडल्या, "हेर क्रुम्म, ही देऊ का?"

समोरच्या पायरीवर मास्तर एक बूट हातात घेऊन, नाक दुसरीकडे करून बसले होते.