गाठीची राहिलेली कड

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं आणि आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, आत थांबवून घेतलं. ते बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. "नस दबलीय. बाकी बिलकुल काही न्हाई," म्हणाले. नस दबली म्हणून कुणाचे डोळे भरून येतात का? पण मी विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटत होती.

अंबडला मी ब्लाऊज शिवते. काही दिवसांपासून बोलता बोलता शब्द अडायला लागले होते. हातात मोजायचा टेप असायचा आणि त्याचं नाव तोंडात यायचं नाही. मग एकदा उजव्या हाताला झटके आले, म्हणून संभाजीनगरच्या दवाखान्यात आलो.

"हिला सांगायचं नाही," असं घरच्यांनी ठरवलं होतं. ते ऑपरेशनआधीच्या तपासणीपाशी अडलं. फंक्शनल एमआरआय म्हणजे बोलताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो, ते दाखवणारा फोटो. मशीनमध्ये डोकं न हलवता, समोरच्या चित्रांची नावं मनातल्या मनात घ्यायची. पेशंटला अंधारात ठेवून हे होणार नाही, असं बाईंनी बजावलं. मग सांगावंच लागलं. मेंदूत गाठ होती.

फोटो आल्यावर बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. गाठ डावीकडे होती आणि तिची एक कड बोलण्याच्या जागेला चिकटलेली. ऑपरेशनला न्यूरोनॅव्हिगेशन लावणार होते, म्हणजे हत्यार मेंदूत नेमकं कुठं आहे ते याच फोटोंवर दाखवणारं यंत्र. तरीही ती कड काढली तर वाचा जाऊ शकते आणि ठेवली तर गाठ पुन्हा वाढू शकते, असं त्या म्हणाल्या.

"सगळं काढा," मालक म्हणाले. "तिला काय विचारता?"

"कड राहू द्या," मी म्हणाले.

तेवढी कड ठेवून गाठ काढली. पुढं रेडिएशन, म्हणजे किरणांचे उपचार झाले. आता मधून मधून एमआरआय असतो आणि रिपोर्ट येईपर्यंत घास उतरत नाही. मी केलं ते बरोबर की चूक, मला अजून कळलेलं नाही. पण तुमच्या घरात कुणाला हे दुखणं आलं, तर फोटो आधी त्याला दाखवा. डोकं त्याचं आहे.

परवा रिपोर्टसाठी बाकावर बसलो होतो. "माझं ऐकलं असतंस तर हा घोर राह्यला नसता," मालक म्हणाले.

"मंग हे भांडण तुम्हाला एकट्यालाच करावं लागलं असतं."

ते खाली बघतच म्हणाले, "बोल अजून काही. नंबर यायला टाइम हाय."