मौनी फटफटी

अख्ख्या नागपूर शहरात आवाजाशी उभं वैर धरलेला माणूस एकच होता, आणि देवाच्या कृपेने तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामाजींच्या खिशात पेन नसे, तेलाची कुप्पी असे. कुठे दार कुरकुरलं, पाळणा किरकिरला, की दाढ ठणकावी तसा त्यांचा चेहरा होई आणि हात खिशाकडे जाई. एकदा पोट दुखतं म्हणून रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे गेले, ते स्वतःला तपासून न घेताच टेबलावर चढून पंख्याला तेल घालून परतले. "आणि पोट?" मी विचारलं. "ते कुठं आवाज करून राहिलं?"

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा माझी खुर्ची कुरकुरली. पोह्यांची बशी माझ्या हातात, मुलगी समोर, आणि मामाजी खुर्चीखाली. "हलू नका गा जवाईबापू, दोन थेंब राहिले." मुलगी खुदकन हसली आणि मी पास झालो. नापास झालो तो तिच्या वडिलांकडे, कारण माझी नोकरी त्याच महिन्यात सुटली होती. मी शब्द जुळवत असताना खुर्चीखालून घोषणा झाली, "नोकरी काहून नाही? आजपासून हे माह्या कंपनीचे सेल्स मॅनेजर!" मुलीच्या वडिलांनी खाली वाकून पाहिलं. "मेहुणे, तुमच्या कंपनीची एक गाडी आजवर खपली का? यांनी दिवाळीच्या आत एक तरी खपवून दाखवावी, मंग बोलू लग्नाचं."

कंपनी म्हणजे इतवारीच्या बोळातली एक पत्र्याची शेड. तिथे मामाजी विजेवर चालणाऱ्या सायकली बनवत. भंगारातला जीपचा डायनॅमो मागच्या चाकाला मोटर म्हणून जुंपलेला, मधल्या दांडीखाली बॅटरी, आणि त्या बॅटरीच्या तेजाबाने मामाजींचा प्रत्येक पायजमा चाळणीसारखा झालेला. मामी म्हणत, "धुवायले सोपे पडतात वं, पाणी आपोआप गळते." सत्तरच्या दशकाची सुरुवात होती, पेट्रोल महागलं म्हणून लोक हळहळत होते, तरी मामाजींच्या गाडीकडे कोणी वळेना. तिचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलं होतं: मौनी. ती चालली की खरोखरच काही म्हणजे काही ऐकू येत नसे. ते मौन कमवायला त्यांची दहा वर्षं गेली होती. "आवाज म्हणजे वाया गेलेली ताकद," असं ते इतक्या हळू सांगत, की गिऱ्हाईक "काय?" म्हणे आणि निघून जाई.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली तेव्हा आम्ही मौनी एसटीच्या टपावर चढवली आणि नरखेड तालुका गाठला. तिथे संत्र्याच्या बागा, बागेत विहीर, विहिरीवर विजेचा पंप. म्हणजे बॅटरी भरायची सोय घरचीच. एका बागवाल्या पाटलांनी चक्कर मारली, खाली उतरले आणि गाडीला कान लावला.

"हे चालू हाय का बंद?"

"चालू होती," मामाजी अभिमानाने म्हणाले.

"मंग बोलत काहून नाही?"

"हीच तर खुबी आहे! मौनी आहे ते."

"मुकी गाडी घेऊन काय करू गा? काटोलले सोयऱ्याच्या दारी गेलो, तर म्हणतीन, बिचारा सायकल मारत आला. फटफटी म्हटली का फटफट पाहिजे!"

नकार दिला, पण माणूस दिलदार. जाताना पुतण्याच्या लग्नाची जाड, गुळगुळीत पत्रिका माझ्या हातात ठेवली. "गाडी राहू द्या, लग्नाले नक्की या."

दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका हातात धरून मी माझं लग्न बुडताना पाहत उभा होतो. मग काय सुचलं कोण जाणे. पत्रिका दुमडली, संत्र्याच्या पेटीची सुतळी घेतली, आणि चाकाच्या तारांत टोक अडकेल अशी बांधून टाकली. चाक फिरवलं. फट-फट-फट-फट! बागेतले पोपट उडाले. पाटलांचे डोळे चमकले.

मी भीत भीत मामाजींकडे पाहिलं. त्यांचा हात खिशातल्या कुप्पीवर गेला होता. त्यांनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चाकाशी उकिडवे बसले. आता उपटणार, असं मला वाटलं. त्यांनी सुतळी सोडली, पत्रिका दोन बोटं खाली सरकवली आणि पुन्हा घट्ट बांधली. "तिथं नाही जवाईबापू. इथं लावा. इथं आवाज भरीव येते."

गाडी तिथेच खपली. पुढे त्या भागात 'मौनी फटफटी' म्हणून आमचं नाव झालं, वर्षभरात डझनभर गाड्या गेल्या, आणि प्रत्येक गाडीबरोबर एक जाड पत्रिका आम्ही कंपनीतर्फे देत असू.

आमच्या लग्नात वरातीलाही मौनीच होती, झेंडूने मढवलेली, चाकात आमचीच पत्रिका. पाठवणीच्या वेळी नवरी मागे कॅरियरवर बसली, मी हँडल धरलं, आणि मामाजी पुढे आले. खाली वाकून त्यांनी चाकातली पत्रिका काढली आणि खिशात घातली.

"काहून काढली मामाजी?"

"पोरगी जाऊन राहिली," ते म्हणाले. "ते मले ऐकू येऊ नाही."

आम्ही अगदी चूप निघालो. लोखंडी पुलाशी बॅटरी संपली आणि पुढचा सगळा संसार मी पायडल मारत घरी आणला, ही गोष्ट वेगळी.

मामाजींना जाऊन आता चार वर्षं झाली. माझ्या घराचं फाटक हल्ली फार कुरकुरतं. शेजारी सांगून थकले. त्यांची कुप्पी माझ्याच कपाटात आहे, अर्धी भरलेली, दोन थेंबांचं काम. पण मी घालत नाही. फाटक कुरकुरलं की ही आणि मी, दोघंही हातातलं काम थांबवून दाराकडे पाहतो.