यूपीएसची वायर

मी कॉम्प्युटर वाचवायला आणलेल्या यंत्रानं कॉम्प्युटर बंद पाडला, आणि तोही घरात लख्ख वीज असताना.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात, घरच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो. दोन कॉम्प्युटर वायरनं जोडलेले, सगळ्या फायली मोठ्यात. त्याला मी ऐटीत ‘सर्व्हर’ म्हणायचो. (बायको ‘खोकं’ म्हणायची.) बायको, म्हणजे सुनंदा, शाळेत शिक्षिका. तिचा एम.एड.चा प्रबंध याच खोक्यात होता आणि सोमवारी पुण्यात द्यायचा होता. वीज मात्र दिवसातून चारदा जायची.

म्हणून मी नगरहून यूपीएस आणला. एसटीत, मांडीवर! उतरलो तेव्हा दोन्ही पाय बधिर. वीज गेली की याच्या बॅटरीवर कॉम्प्युटर चालणार आणि बॅटरी संपत आली की हा एका वायरीतून सर्व्हरला कळवणार. मग दोन्ही कॉम्प्युटर फायली जपून आपापले बंद होणार!

“अहो, सोमवारनंतर लावा ना,” सुनंदा म्हणाली.

“तुझ्या प्रबंधासाठीच तर आणलाय!”

यूपीएसच्या खोक्यात ती कळवणारी वायर नव्हती. पण घरात जुन्या मोडेमची एक पडली होती, ती अगदी फिट्ट बसली. (बसली म्हणजे चालते, अशी माझी तेव्हा समजूत होती.)

रविवारी सकाळी मी प्रात्यक्षिक ठेवलं. शेजारच्या शांतामावशी आल्या. पंपाच्या जळक्या मोटारी दुरुस्त करणारे बापू आले. मी मेन स्विच पाडला. पंखा थांबला, कॉम्प्युटर चालूच! यूपीएस टीं टीं करू लागला.

“रडतंय का काय ते?” मावशींनी विचारलं.

“बोलतंय, मावशी! आता कॉम्प्युटरशी बोलेल, बघा.”

मेन स्विच पुन्हा चालू केला आणि मोठ्या झोकात वायर खोचली.

टुक. सगळा अंधार पडद्यावर!

मी वायर काढली, कॉम्प्युटर सुरू केला, वायर खोचली. टुक. सॉकेट बदललं. टुक. टेबल भिंतीपासून लांब ओढलं. (का, ते आजही सांगता येणार नाही.) टुक!

बापू शांतपणे म्हणाले, “सर, ती वायर लावली की मरतंय, काढली की जितं हुतंय. मग लावताच कशाला?”

बारा वर्षांच्या माझ्या तांत्रिक ज्ञानाला हे सुचलं नव्हतं. पुस्तिका उघडली. दुसऱ्याच पानावर ठळक छापलं होतं : आमचीच वायर वापरा, दुसरी लावल्यास यूपीएस तत्क्षणी बंद होईल.

वायर फेकली, कॉम्प्युटर सुरू केला. सुरू झाला, पण प्रबंधाची फाईल उघडेना. एकदा, दोनदा, दहादा.  सुनंदा खुर्चीवर बसली.  

“सहा महिन्यांचं काम...” मी पुटपुटलो. “सुनंदा, मी परत टाईप करतो. रात्रंदिवस करतो.”

“मावशी,” ती एवढंच म्हणाली.

मावशी उठून घरी गेल्या आणि पापडाचा डबा घेऊन आल्या. त्यात उडदाच्या पापडांवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन फ्लॉप्या! दोन्हींवर सुनंदाच्या अक्षरात ‘प्रबंध’.

“रोज सांजच्याला सुनंदा बदलून द्यायची,” मावशी म्हणाल्या. “म्हनली, मावशी, आमच्या यांच्या हातापासनं लांब ठिवा. मी ठिवल्या.”

मला राग यायला हवा होता. मी मावशींच्या पाया पडलो. मग बापूंच्या पडायला निघालो, तर ते मागे सरकत म्हणाले, “सर, पाय ऱ्हाऊ द्या, फक्त त्या वायरीला परत हात लावू नका.”

प्रबंध सोमवारी वेळेवर पोचला. घरची प्रत बांधून आली तेव्हा मी सगळ्यात आधी ऋणनिर्देश उघडला. शांतामावशींचे आभार, त्यांनी फ्लॉप्या जीव लावून सांभाळल्याबद्दल. बापूंचे आभार, अचूक निदानाबद्दल. आणि शेवटी : ‘माझे पती रविवारी दुपारनंतर घराबाहेर थांबले, त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.’